हॉटेलचं दार, घरातलं टेबल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या हॉटेलांमधून, बंगल्यांमधून निघालेल्या लाकडाची टेबलं-बाकं करतात त्यावर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, तर त्यावर एवढे व्हॉट्सॲप आणि एवढी पत्रं आलीत की गळके नळ आणि बाल्कनीतली कबुतरं हे आपले नेहमीचे विषय या वेळी बाजूला ठेवलेत. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी राग मानू नका.

ताई, वाईकडे जाताना एका जुन्या फर्निचरवाल्याकडे सहा माणसांचं डायनिंग टेबल बघितलं. तो म्हणतो महाबळेश्वरला ब्रिटिशांच्या काळातलं मोठं हॉटेल पाडलं त्याच्या बॉलरूमच्या फ्लोअरिंगचं आहे, गव्हर्नर नाचायचे म्हणे त्यावर. ८५ हजार सांगतोय. मिस्टर म्हणतात फेकतोय. खरं कसं ओळखायचं?
*एक वाचक, सदर बझार, सातारा*

गव्हर्नर नाचले का नाही ते लाकूड सांगत नाही हो, पण बाकी बरंच सांगतं. महाबळेश्वर मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी होती, उन्हाळा लागला की साहेब लोक सगळं बिऱ्हाड घेऊन वर यायचे, त्यामुळे तिथे जुनी हॉटेलं, क्लब, बंगले होते आणि त्यात सागवान चिकार वापरलेलं हे खरंच आहे. पण एक वास्तू पाडल्यावर त्यातून निघणारं लाकूड आणि नंतर तिच्या नावावर खपणारं लाकूड, यांचा मेळ बसलेला मी तरी अजून बघितला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे, टेबलाचे दोन भाव वेगळे काढा. एक लाकडाचा नि कामाचा, दुसरा त्या गोष्टीचा. पहिला मोजून द्यायचा, दुसरा कागद बघितल्याशिवाय अजिबात द्यायचा नाही.

आधी मोजायचं कसं ते बघू. लाकूड घनफुटावर विकतात. वरचा भाग सहा फूट बाय तीन फूट, जाडी सव्वा इंच धरली तर झाले १.८८ घनफूट. तीन इंची चौकोनी चार पाय, अडीच अडीच फुटांचे, त्याचे ०.६३. खाली चौकट असते तिचं अर्धा घनफूट धरा. म्हणजे सगळं मिळून तीन घनफूट, कापण्यात वाया जातं ते धरून साडेतीन-चार. आता तुमच्या इथल्या लाकडाच्या वखारीत जाऊन जुन्या सागवानाचा आजचा भाव विचारा, चाराने गुणा, सुताराची मजुरी आणि पॉलिश मिळवा. हा आकडा आणि ८५ हजार यात जो फरक येईल तेवढे पैसे तुम्ही गव्हर्नरच्या नाचाचे देताय. फरक थोडा असला तर घ्या की बिनधास्त, आवडलंय ना.

आणि वजन बघा. सुकलेलं सागवान घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे हे टेबल ५५ किलोच्या आगेमागे हवं. त्यापेक्षा फारच हलकं लागलं तर आत दुसरं काहीतरी हलकं आहे आणि वर सागाचा पातळ पापुद्रा (व्हिनियर) चिकटवलाय अशी शंका घ्या. खात्री करायची तर टेबलाची कड बघा, वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या पाहिजेत, पट्टी मारून कड झाकलेली असली तर विचारा का झाकली.

आता फ्लोअरिंगचं. खाली वाका, मोबाइलचा टॉर्च लावा, दुकानदार काय म्हणेल त्याची लाज बाळगू नका. जमिनीच्या फळ्या खालच्या वाशांवर खिळ्यांनी ठोकलेल्या असतात आणि वासे एकसारख्या अंतरावर असतात, त्यामुळे खिळ्यांची भोकंही एका ओळीत, ठरलेल्या अंतरावर दिसतील, कुठेही विखुरलेली नाही. जुन्या लोखंडी खिळ्याच्या भोकाभोवती काळंनिळं कडं असतं, लोखंड गंजून लाकडात उतरतं म्हणून, आणि ते कडं रंधा मारला तरी आतपर्यंत राहतं. मुद्दाम ड्रिलने पाडलेलं भोक आतून स्वच्छ, गोल आणि कोरं असतं. फळ्यांच्या कडांना एकीकडे जीभ नि दुसरीकडे खाच, किंवा ती कापून टाकल्याची खूण, हेही बघा. एक बाजू पायांनी झिजून गुळगुळीत आणि दुसरी करवतीच्या खुणांसकट राकट असली तर ती जमीन होती हे मी मानीन. स्क्रूसुद्धा बोलतात. डोक्यावर एकच आडवी चीर असलेला स्क्रू जुना असू शकतो, फुलीवाला स्टार स्क्रू जगातच १९३० च्या दशकात आला, तेव्हा "हात लावलेला नाही, शंभर वर्षांपूर्वीचं आहे तसं" म्हणत असेल आणि आत स्टार स्क्रू दिसले तर निदान ते वाक्य तरी खोटं.

राहिला कागद. मोठी हॉटेलं स्वतः सामान विकतात तेव्हा प्रत्येक वस्तूला लॉट नंबर आणि पावती असते. पॅरिसच्या रिट्झने २०१८ मध्ये असा लिलाव केला, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियातल्या कोच, दिवे, दारं असल्या जवळपास १५ हजार वस्तू २०२० च्या सुमाराला लिलावात निघाल्या. आपल्याकडे एवढं कोण करणार, पण पाडकामाच्या ठेकेदाराचं बिल, पाडायच्या आधीचा एखादा फोटो, दारावरचा खोलीचा पितळी नंबर, कुलपावरचा शिक्का, यातलं काहीच नसेल तर गोष्ट फुकट ऐकायची. नुसत्या सांगोवांगीचं काय असतं बघा, जमशेटजी टाटांना मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आत घेतलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं हे आपण सगळेच छातीठोक सांगतो, आणि इतिहासकार मात्र त्याला पुरावा नाही म्हणतात. ताज १९०३ मध्ये उघडलं हे नक्की, बाकीचं कानगोष्टी.

२०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी होतं. सासऱ्यांनी पूर्वी मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेलं मोठं कपाट आणि काउंटर दोन्ही पाण्यात होतं. किचनचं प्लायवूड फुगून फेकून द्यावं लागलं, हे मात्र उभं राहिलं, पण आता सांधे हलतात, ड्रॉवर अडकतात आणि वर पांढरे डाग आहेत. सगळे म्हणतात भंगारात द्या.
*एक ताई, गावभाग, सांगली*

देऊ नका! त्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि जे कपाट त्यातून निघून आज उभं आहे त्याला भंगारवाला किलोवर घेऊन जाणार हे ऐकूनच मला कसंतरी होतं.

सांधे हलतात ही खरं म्हणजे चांगली बातमी आहे, विचित्र वाटेल ऐकायला. जुनं फर्निचर सरसाने चिकटवलेलं असतं, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात तो सरस, आणि तो पाण्याने सुटतो. म्हणजे लाकूड तुटलेलं नाही, फक्त चिकटवण सुटलीय. जाणत्या सुताराकडून कपाट सांध्यासांध्यातून अलगद सोडवून घ्या, प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाका (हे विसरलात तर जोडताना तो तुम्हाला आणि तुम्ही त्याला शिव्या घालाल), खाचांमधला जुना सरस आणि पुराचा गाळ कोमट पाण्याच्या फडक्याने नि बोथट पटाशीने काढा, पूर्ण सुकू द्या आणि मग परत जोडा. सांधा हलतोय म्हणून बाहेरून लोखंडी एल-पट्टी मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. ती पट्टी लाकडाला हलू देत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारीच चीर पडते.

गाळाचं मनावर घ्या. कृष्णेचा तो बारीक चिकट गाळ ड्रॉवरच्या खोबणीत, कपाटाच्या मागच्या फळीच्या आत, पायांच्या खाली बसून राहतो आणि हवेतली ओल धरून ठेवतो, ड्रॉवर अडकण्याचं निम्मं कारण तेच असणार. आधी कोरड्या ब्रशने, मग ओल्या फडक्याने. त्यानंतर ड्रॉवरच्या घासणाऱ्या कडेवर साधी मेणबत्ती घासा. लगेच रंधा मारायला घेऊ नका, पावसाळ्यात अडकणारा ड्रॉवर एप्रिलमध्ये सुरळीत चालतो आणि तुम्ही तासलेला असला की मग तो खुळखुळतो.

पांढऱ्या डागांसाठी आधी पॉलिश कुठलं ते ओळखा. आत, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टेकवा. चिकट होऊन रंग कापसाला आला तर ते लाखेचं जुनं स्पिरिट पॉलिश, आणि लाखेला पाण्याने असा पांढरेपणा येतोच. किंचित स्पिरिट लावलेलं फडकं, जवळजवळ कोरडंच, हलक्या हाताने झपझप फिरवलं की बहुतेक डाग जातात. नाही गेले तर पॉलिशवाल्याकडून वरून लाखेचेच दोन-तीन हात. तो मेलामाइन मारू म्हणेल, पीयू (पॉलियुरेथेन) मारू म्हणेल, ही आजकालची प्लॅस्टिकसारखी पॉलिशं, चकाचक दिसेल म्हणेल. काउंटरवर रोज चहाचे कप ठेवणार असाल तर काउंटरला पीयू मारा, चालेल, पण कपाटाला लाखच ठेवा कारण ती पुढे कधीही एवढ्या एवढ्या जागेत दुरुस्त होते, पीयू सगळं खरवडावं लागतं.

पाचगणीच्या एका जुन्या लॉजची तीन सागवानी दारं स्वस्तात मिळाली. एकाचं डायनिंग टेबल करून घेतलं, मार्चमध्ये वर आडवी चीर पडली आणि नक्षीच्या खोलगट भागात भात अडकतो. सुतार म्हणतो लाकूड खराब होतं. उरलेल्या दोन दारांचं काय करू?
*एक वाचक, तासगाव*

लाकूड खराब नव्हतं, घाई झाली. वर घाटमाथ्यावर पावसाळाभर हवा ओलीचिंब असते, महाबळेश्वरला तर वर्षाला ५००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पाचगणीला त्यापेक्षा बराच कमी पण तरी धुकं नि ओल आहेच. अशा हवेत लाकडात १८-२० टक्क्यांपर्यंत पाणी मुरतं. तेच लाकूड तासगावच्या उन्हाळ्यात आलं की सात-आठ टक्क्यांवर उतरतं आणि आकसतं, लांबीत नाही, रुंदीत. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी आकसतं तरी तीन फूट रुंदीला पाव ते अर्धा इंच सहज. आता ही रुंदी खालच्या चौकटीला चारी बाजूंनी स्क्रूने आवळून टाकली असेल तर लाकूड आकसायला जागा कुठून आणणार, ते फाटतं.

तुमच्या टेबलाचे खालचे स्क्रू काढून बघा, चौकटीतली भोकं लांबट करून घ्या म्हणजे स्क्रू धरून ठेवेल पण लाकडाला सरकू देईल. चीर लगेच पुटीने बुजवू नका, भर पावसाळ्यात ती किती मिटते ते बघा, उरेल तेवढ्यात सागाचीच बारीक चीप बसवून घ्या. उरलेली दोन दारं आता घरातच, भिंतीला टेकवून नको, आडवी, खाली रिपा घालून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी एक अख्खा उन्हाळा जाऊ दे तोवर ठेवा. उन्हात नाही आणि गच्चीवर तर नाहीच.

भाताचं म्हणाल तर पॅनेलचं दार म्हणजे चौकटीत सैल बसवलेल्या फळ्या असतात, त्या मुद्दामच सैल असतात, त्यांना चिकटवून टाकलं की त्याही फाटतील. दाराचं टेबल करायचं तर वरून आठ-दहा मिलीमीटरची टफन्ड काच हवीच, काच आणि लाकडाच्या मध्ये छोटी रबरी बटणं टाका म्हणजे ओल कोंडणार नाही. काच नको असेल तर दाराचं टेबल करू नका, पलंगाची डोक्याकडची बाजू करा, पॅनेलचं दार आडवं धरलं की त्या जागी इतकं शोभतं की विचारू नका, आणि भातही सांडत नाही. उंची मात्र नीट बघा, टेबल जमिनीपासून ३० इंच आणि खुर्चीची बैठक १८ इंच, दार जाड असलं आणि खाली परत चौकट आली की मांड्या अडकतात. हे सुतार सांगत नाहीत, पाहुणे जेवायला बसले की कळतं.

जुन्या हॉटेलच्या जिन्याच्या कठड्याचे हिरव्या रंगाचे सुंदर कातलेले दांडे मिळालेत. नातवासाठी पाळण्यासारखा छोटा पलंग करायचाय, रंग तसाच ठेवून, आजकाल तशी फॅशन आहे ना?
*एक आजी, वाई*

आजी, नातवासाठी हे नको. फॅशन आहे, इंटरनेटवर उडालेल्या रंगाचे फोटो छान दिसतात, पण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरच्या रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत हवं हा नियम लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात, त्याआधीच्या रंगाची काहीच खात्री नाही. आणि बाळ कठडा चावतं, दात येताना तर दुसरं काहीच करत नाही. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. जिन्याचे दांडे एकमेकांपासून लांब बसवलेले असतात. बाळाच्या पलंगाला दोन दांड्यांमध्ये सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर अंग जातं आणि डोकं अडकतं.

दांडे टाकू नका, हॉलमध्ये उंच ठिकाणी आरशाची चौकट होईल, दिव्याचे स्टँड होतील. रंग काढायचाच असेल तर घरात कोरडा पॉलिश पेपर घासायचा नाही, ती धूळच वाईट. अंगणात, खाली प्लॅस्टिक पसरून, पेंट रिमूव्हर लावून किंवा लाकूड ओलं ठेवून खरवडायचं, तोंडाला चांगला मास्क, आणि नातू त्या दिवशी आईकडे. खरवड अंगणातल्या तुळशीत झाडू नका.

मी आर्किटेक्चरला आहे. जगात अशी मोठी हॉटेलं पाडल्यावर त्यांचे तुकडे कुठे कुठे गेले? मुंबईत काय झालं?
*एक विद्यार्थी, मिरज*

मुंबईचं उदाहरण उलटं आहे म्हणून मला फार आवडतं. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन, ही मुळात तुकड्यांतच आली. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनिअरच्या डिझाइनचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने आणला आणि १८६० च्या दशकात इथे नटबोल्टने उभा केला. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा दाखवल्या त्या इथेच, त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. पुढे हॉटेल बंद झालं, आत ऑफिसं, वकील, भाडेकरू, २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला, त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव गेलं. जी इमारत नटबोल्टने जोडली ती तशीच सोडवून दुरुस्त करून परत जोडता यावी असं कागदावर वाटतं, प्रत्यक्षात आत इतके भाडेकरू असताना ते करून दाखवणं म्हणजे काय होतं, हे तू शिकतोयस, तुला जास्त कळेल.

टोकियोचं इम्पीरियल हॉटेल बघ, अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं. उद्घाटनाच्या दिवशीच, १ सप्टेंबर १९२३ ला, मोठा भूकंप झाला आणि हॉटेल टिकलं. आणि मग १९६८ मध्ये जागेच्या किमतीपायी माणसांनीच पाडलं. त्याचा प्रवेशद्वाराचा आणि लॉबीचा भाग नागोयाजवळच्या मेइजी-मुरा या वास्तुसंग्रहालयात नेऊन परत उभारला, त्याला १९८५ उजाडलं. राइटने खुर्च्यासुद्धा त्या हॉटेलसाठीच काढल्या होत्या, षटकोनी पाठीच्या.

आणि अमेरिकेत फ्लोरिडात बेलव्ह्यू बिल्टमोर नावाचं अवाढव्य लाकडी हॉटेल होतं, १८९७ चं, रेल्वेवाल्या हेन्री प्लँटने बांधलेलं. बरीच वर्षं वाचवा-पाडा चाललं आणि २०१५ मध्ये बहुतेक सगळं पाडलं, मूळ इमारतीचा एक तुकडा तेवढा उचलून बाजूला सरकवला आणि त्यात छोटं हॉटेल केलं. तिकडच्या जुन्या बांधकामात हार्ट पाइन असतं, लाँगलीफ पाइनच्या म्हाताऱ्या झाडांचा आतला गाभा, राळेने भरलेला, लालसर आणि जड. तसली जंगलं तोडून संपली त्यामुळे आता ते लाकूड मिळतं ते मुख्यतः जुन्या गिरण्या, गोदामं, हॉटेलं पाडल्यावरच, म्हणून टेबलवाले त्याच्या मागे असतात. आपल्याकडे वाड्यांच्या कडीपाटाचं नि तुळयांचं तेच चाललंय. तुझ्यासाठी एक काम सांगते, मिरज-सांगलीत एखादा वाडा पाडायला काढला असं कळलं की आधी जाऊन मोजमापं आणि फोटो घेऊन ठेव, कुठली तुळई कुठे होती ते लिही. लाकूड कुणीतरी नेणारच आहे, ही माहिती कुणी नेत नाही.

मुलगी अमेरिकेत असते. तिला आमच्याकडची जुन्या हॉटेलातली शिसवी आरामखुर्ची आणि लाकडी कोरीव कमान पाठवायची आहे. कुरिअरवाला म्हणतो करून देतो.
*एक काका, कराड*

काका, कुरिअरवाला करून देईल आणि कस्टममध्ये अडकलं की फोन उचलणार नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू येते आणि इमारतीपासून सुटी केलेली वस्तूसुद्धा स्पष्ट लिहिलेली आहे. कमान त्यात अगदी बरोबर बसते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरपेक्षा कमी वयाची आहे असं तुमचं म्हणणं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या, मग पॅकिंग. शिसवीचं वेगळंच, ते लाकूड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस यादीत आहे, त्याचे कागद निराळे. खुर्चीवर पांढरी जडावाची फुलं असली तर ती हाडाची आहेत का हस्तिदंताची ते जाणकाराला दाखवाच, हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदा लागतो, मग विषय मिटला.

कमान कराडातच राहू दे, मुलगी सुट्टीत येतेच की.

वेताच्या बैठकीच्या खुर्च्या आहेत आमच्याकडे, इराण्याच्या हॉटेलात असायच्या तशा गोल वाकवलेल्या लाकडाच्या. बैठक लोंबायला लागलीय, प्लाय ठोकू का?
*एक वाचक, विश्रामबाग, सांगली*

प्लाय नको! आधी हे करून बघा, खुर्ची उलटी करा, वेताच्या खालच्या बाजूला ओलं फडकं दाबून चांगली भिजवा (वरून नाही, वर पॉलिश असतं) आणि सावलीत रात्रभर सुकू द्या, कुणी बसायचं नाही. वेत सुकताना आवळतो, विणकाम तुटलेलं नसेल तर लोंबणं बरंच कमी होतं. तुटलं असेल तर विणूनच घ्या, चौकटीला भोकं आहेत का खोबण आहे ते आधी बघा, भोकं असली तर हाताने विणायचं काम, वेळखाऊ आणि महाग पण टिकाऊ, खोबण असली तर तयार जाळी मिळते ती बसवतात.

या वाकवलेल्या खुर्च्यांचा मूळ पुरुष मायकेल थोनेट. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची, बीच या युरोपातल्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं, खुर्चीचे तुकडे फक्त सहा आणि बाकी स्क्रू नट. एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या सुट्या मावायच्या, म्हणून जगभरच्या हॉटेलांत पोचल्या. तुमची खुर्ची डुगडुगत असेल तर बैठकीखाली स्क्रू आहेत ते आधी आवळा, निम्म्या खुर्च्या तेवढ्यानेच सरळ होतात. बीचला भुंगा लवकर लागतो तेव्हा खाली पिठासारखा भुसा पडतोय का बघत राहा.

सासूबाई हॉटेलातला जुना पलंग घरात आणू देत नाहीत. म्हणतात त्यावर कोण कोण झोपलं असेल, काय काय घेऊन येईल.
*एक सून, गोडोली, सातारा*

सासूबाई बरोबर आहेत, फक्त भुतं नाहीत, ढेकूण. पलंगाच्या सांध्यात, फळ्यांच्या खाली, स्क्रूच्या भोकात काळे बारीक ठिपके दिसतात का ते दिवसा उजेडी बघा, जुनं क्रेडिट कार्ड फटीतून ओढा. घरात आणायच्या आधी बाहेरच सगळा सुटा करून सांध्यासांध्याला वाफ द्या, घरचं कपड्यांचं स्टीमर चालतं, हळूहळू फिरवायचं, अंडीसुद्धा मेली पाहिजेत. सरसाचे सांधे असले तर वाफेने तेही सुटतील, पण पलंग नाहीतरी सुटा करणारच आहात. गादी मात्र नवीनच, हॉटेलची गादी फुकट दिली तरी आणू नका. आणि सासूबाईंना आधी बोलावून स्वतः तपासायला लावा, त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

जुन्या पितळी मुठी आणि खोलीचे नंबर चिंचेने घासून चकचकीत करू का?
*एक वाचक, इस्लामपूर*

नंबर नका घासू, कडेची काळी झाक आणि आकड्यांच्या खाचेतला जुना रंग गेला की तो कालच बाजारातून आणल्यासारखा दिसतो, साबणाच्या पाण्याने पुसा आणि सोडून द्या. मुठी रोज हाताळणार असाल तर चिंच चालेल, पण काढून, दारावर असताना नाही, आंबट पाणी लाकडात उतरलं की स्क्रूभोवती काळं पडतं. घासायच्या आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा नुसता मुलामा आहे, आणि चिंच तो मुलामाच काढेल.